तिसऱ्या रांगेतलं हसू

‘आता झोपा’ हा कार्यक्रम टीव्हीवर रात्री साडेअकराला लागतो आणि त्याचं शूटिंग दुपारी एक वाजता होतं. अंधेरीत, मरोळच्या एका जुन्या गोदामात काळे पडदे लावून रात्र करतात. रुचिरा मेस्त्री चकचकीत कोट घालून, नुकताच जेवलेला वरणभात पोटात सांभाळत, ‘शुभ रात्री, महाराष्ट्र’ म्हणते आणि दिवसभराच्या बातम्यांची सालटी काढायला घेते. मंत्री, आयुक्त, बाबा, बुवा, कोणालाच सोडत नाही. समोर साठ माणसं बसलेली असतात आणि ती पोट धरून हसतात. घरी बघणाऱ्यांना वाटतं, केवढी हौशी माणसं ही, इतक्या रात्री आली. हौस कसली डोंबलाची. नंदू नावाचा एक माणूस त्यांना गाडीत भरून आणतो आणि संध्याकाळी परत सोडतो.

त्या साठांत कमल साळवे म्हणजे नंदूचा हुकमाचा पत्ता. वय पंचावन्न, मूळची जालन्याकडची. तीस वर्षं घाटकोपरच्या एका वस्तीत काढली, रस्ता रुंद करायला घर गेलं, आणि बदल्यात मिळालेल्या, तेलाच्या कारखान्यांना खेटून असलेल्या माहुलच्या इमारतीत सातव्या मजल्यावर ती मुलाबरोबर येऊन पडली. तिचं हसणं जुन्या वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. आधी उचकीसारखा एक आवाज, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग जिन्यावरून डबा गडगडत जावा तसं ते खाली खाली जायचं. ती हसली की शेजारचे चार जण आपोआप हसत. नंदूला असंच माणूस लागतं.

एवढं हसणाऱ्या बाईला आतून काहीतरी होत असेल, असं लोकांना वाटतं. कमलला काही होत नसे. सुरुवातीचे चार दिवस तिनं विनोद ऐकले. काही समजले, काही डोक्यावरून गेले, आणि समजून घ्यायच्या नादात हसायला उशीर व्हायला लागला. तेव्हा नंदूनं तिला शिकवलं, की मावशी, मॅडमकडे लक्ष देऊच नका, माझ्या हाताकडे बघा. हात खांद्यापर्यंत आला की बारीक हसायचं, डोक्यावर गेला की मोठ्यानं. तेव्हापासून काम सोपं झालं. रुचिराचा आवाज कुठेतरी चालू असायचा, हात वर जायचा, कमल हसायची. घरी आल्यावर आज तिथं काय झालं असं कोणी विचारलं असतं, तर तिला एक वाक्य सांगता आलं नसतं.

याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. खरं तर फेब्रुवारीपासून तिला कशाचंच धड वाईट वाटत नव्हतं, आणि बरंही वाटत नव्हतं. फेब्रुवारीत भीमराज इंगळे गेला होता, तिच्या मैत्रिणीचा, दर्शनाचा नवरा. कमल आणि दर्शना घाटकोपरला भिंतीला भिंत लावून राहिल्या आणि इथंही एकाच मजल्यावर आल्या, मधे फक्त एक दार. बावीस वर्षांची मैत्री. माहुलला आल्यावर भीमराजला आधी खोकला झाला, मग दम लागायला लागला, मग दोन पायऱ्या चढून तो बसायला लागला. डॉक्टरांनी कागदावर फुप्फुसं लिहिली. हवा कोणी लिहिली नाही. जलदानविधीपर्यंत कमल दर्शनाच्याच घरात झोपली होती.

त्या शुक्रवारी सकाळी दर्शना कमलच्या दारात आली. ती चेंबूरच्या एका शाळेत आया होती, कामाला निघायच्या तयारीत होती. दोघींच्या घरांच्या जादा किल्ल्या एकमेकींकडे असत. दर्शनानं कमलची किल्ली चपलांच्या स्टँडवर ठेवली आणि म्हणाली, माझी दे. कमलला वाटलं, कोणी पाहुणा यायचा असेल. तिनं दिली. दर्शना ती घेऊन जिन्याकडे निघून गेली.

झालं काय होतं ते कमलच्या मुलानं, आकाशनं, मोबाईलवर दाखवलं. आदल्या रात्रीच्या ‘आता झोपा’चा एक तुकडा सगळीकडे फिरत होता, त्यांच्या इमारतीच्या ग्रुपवरही पोचला होता. रुचिरा टेबलावर कोपर टेकून सांगत होती :

“समितीचे साहेब माहुलची हवा तपासायला गेले. दहा मिनिटांत मळमळलं म्हणून गाडीत जाऊन बसले. अहवालात लिहिलं, रहिवाशांना या हवेची सवय झाली आहे.” मग ती थांबली आणि एक भुवई वर गेली. “बरोबरच आहे. ज्यांना झाली नाही, ते अहवाल यायच्या आधीच गेले.”

आणि त्या ‘गेले’वर उचकीसारखा एक आवाज, क्षणभर काहीच नाही, आणि मग ते गडगडणं. चेहरा दिसत नव्हता. गरजच नव्हती. खाली तळमजल्यावरच्या कुणीतरी लिहिलं होतं, ‘या आपल्या साळवेबाई ना?’ त्याखाली कोणी काही लिहिलं नव्हतं. एवढे एरवी तासाला शंभर गुलाब पाठवणारे लोक, पण त्या दिवशी सगळ्यांची बोटं गारठली होती.

कमल घाबरली नाही, उलट तिला हायसं वाटलं. तिला यातलं माहीत होतं. शूटिंग सुरू व्हायच्या आधी पंधरा मिनिटं नुसतंच हसवून घेतात, विनोद न करता. बारीक हसा, मधलं हसा, मोठ्यानं हसा, आता टाळ्या. ते सगळं साठवून ठेवतात आणि जिथं लोक हसले नसतील तिथं मागाहून चिकटवतात. कुठलं तरी जुनं हसू उचलून इथं लावलं असणार. संध्याकाळी दर्शना आल्यावर तिनं हे तिला नीट समजावून सांगितलं.

“माहुल म्हणाली असती ना ती, तर मला ऐकू आलं नसतं का गं?” ती म्हणाली. “मी काय बहिरी आहे?”

दर्शना भांडली असती तर बरं झालं असतं. ती भाजी निवडत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, की चिकटवलं असेल तर तुझ्या त्या मॅडमच्या तोंडून आण. इमारतीतल्या लोकांचं मला काही नाही, मला ऐकायचंय.

मंगळवारी कमल नेहमीसारखी नंदूच्या गाडीत बसून मरोळला गेली. शूटिंग झाल्यावर मॅडमना भेटायचंय म्हणाली तेव्हा नंदूच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो मालवणकडचा, संकट दिसलं की गावची बोली तोंडात यायची. “कित्याक उगाच इषय वाढवतास, मावशी?” पण कमल जागची हलली नाही. ही बाई उद्यापासून आली नाही तर साठ लोकांना हसवायचं कोणी, हा विचार करून त्यानं तिला आत नेलं.

रुचिरा डोळ्यांवरच्या खोट्या पापण्या काढत बसली होती. टीव्हीवर तलवारीसारखी दिसणारी ती बाई जवळून पाहिली तर नुसती दमलेली दिसत होती. तिनं कमलचं सगळं ऐकून घेतलं, भीमराजचं आणि किल्लीचंही. मग म्हणाली, की लिहिणाऱ्या पोरांनी ‘इमारती सोडून गेले’ असं लिहिलं होतं. तिनंच त्यातलं ‘इमारती सोडून’ काढलं. नुसतं ‘गेले’ जास्त टोचतं.

“मला वाटलं, मी तुमच्या बाजूनं बोलतेय,” ती म्हणाली.

कमलला त्याचं काही म्हणायचं नव्हतं. ते हसू चिकटवलंय एवढं तिनं सांगावं, बस. त्यात काय, म्हणत रुचिरा तिला पलीकडच्या खोलीत घेऊन गेली. तिथं देवव्रत नावाचा मुलगा कार्यक्रमाची काटछाट करायचा. त्यानं तो भाग पडद्यावर उघडला. साठवणीतलं हसू लावलं की ते निळ्या पट्टीत दिसतं आणि त्या दिवशी खरोखर हसलेलं हिरव्या पट्टीत, असं त्यानं सांगितलं. मग तो पडद्याकडे बघतच राहिला.

पट्टी हिरवी होती.

त्यानं न विचारताच दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं, प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या. तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी, कमल बसली होती. तिचीच जांभळी साडी, आणि मांडीवर पिशवी. रुचिराचा आवाज येत होता, स्वच्छ, कोणालाही समजेल असा. ‘माहुलची हवा’ हे शब्द आले तेव्हा पडद्यावरच्या कमलच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. ती स्टेजकडे बघतच नव्हती. ती डाव्या बाजूला बघत होती, थोडं वर. ‘ते अहवाल यायच्या आधीच गेले.’ तिचे डोळे आणखी जरा वर गेले आणि ती हसली. अगदी वेळेवर.

कमलनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हाही तसंच झालं. तिला स्वतःची लाज वाटायला हवी होती, निदान राग तरी यायला हवा होता. दोन्हींतलं काहीच आलं नाही. समोर कोणीतरी बाई हसत होती आणि आपण तिला बघतोय, एवढंच तिला कळत होतं, आणि या एवढ्याचीच तिला भीती वाटली.

मग रुचिरानंच कमलचा मोबाईल मागितला. मी रेकॉर्ड करून देते, म्हणाली. नाहीतरी रोज चिकटवतोच की आम्ही, एवढं एक तुमच्यासाठी. पहिल्यांदा बोलली तेव्हा सवयीनं भुवई वर गेली आणि देवव्रतला हसू फुटलं. दुसऱ्यांदा तिनं चेहरा पुसला आणि सरळ बोलली. दर्शनाताई, कमलताई त्या विनोदावर हसल्या नव्हत्या, ते हसू आम्ही दुसरीकडचं लावलं होतं, चूक आमची आहे, मला माफ करा. इतकं सरळ, इतकं मनापासून, की कमलचासुद्धा घडीभर विश्वास बसला. रुचिरानं दोन्ही हातांनी तिला फोन परत दिला. आता सगळं मिटलं होतं. दर्शनासमोर एक बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं.

गाडीनं सोडलं तेव्हा उन्हं उतरत होती. लिफ्ट बंद होती. सात मजले चढून कमल दर्शनाच्या दारात उभी राहिली तेव्हा तिला धाप लागली होती. दार उघडंच होतं. दर्शना चहा टाकत होती. तिनं वळून पाहिलं आणि गॅस बारीक करून दाराशी आली.

कमलनं फोन पुढे केला. बटणावर अंगठा ठेवला. दर्शनानं फोनकडे बघितलंच नाही, कमलकडेच बघत राहिली.

“त्या दिवशी होतीस तू तिथं?”

बावीस वर्षांत दोघी बक्कळ भांडल्या होत्या, तीन-तीन महिने अबोला धरला होता, पण खोटं बोलायची वेळ कधी आली नव्हती. ते कसं बोलतात हेच कमलला आठवेना. तिनं अंगठा काढला.

“होते,” ती म्हणाली. “माझंच आहे ते. चिकटवलेलं नाही.”

“माहुल म्हणाली ती.”

“हो. ऐकलंच नाही मी. मी हात बघत होते.”

नंदूचा हात, खांद्यापर्यंत, डोक्यावर, हे सगळं तिनं सांगितलं. काही लपवलं नाही. दर्शनानं पूर्ण ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, खरंच माहिती करून घ्यायची असल्यासारखं.

“ह्यांच्या वेळेला माझ्या गळ्यात पडून रडलीस, तेव्हा कोणाकडे बघत होतीस?”

कमलला म्हणायचं होतं, वेडी आहेस का गं. ते ओठांपर्यंत आलं होतं. पण तिनं आधी आठवून पाहिलं. खोली बायकांनी भरलेली होती. तिरडी अजून आली नव्हती. भीमराजचे पाय चादरीतून बाहेर आले होते आणि ते झाकावेत असं तिला वाटत होतं. रडू येत नव्हतं. आता यायला हवं, हे तिला कळत होतं. ती सगळ्यांकडे बघत होती, आळीपाळीनं.

“तुझ्या नणंदेनं हंबरडा फोडला,” ती म्हणाली. “मग मी.”

दर्शनानं मान हलवली. दार लावलं नाही. आत जाऊन तिनं चहा गाळला, एक कप की दोन, ते दारातून दिसत नव्हतं. कमल उंबऱ्याबाहेर तिच्या पाठीकडे बघत उभी राहिली. ये म्हणून नाही की जा म्हणून नाही, कोणीच काही खूण करत नव्हतं.