माणसाचा दोर

मी दोर बोलतोय. दोर म्हटलं की लोकांना विहिरीचा आठवतो, गुरांचा आठवतो, फार तर झोपाळ्याचा. मी त्यातला नव्हे. मी माणसाचा दोर होतो. आता शेळीचा आहे. ते कसं झालं ते आधी ऐका, मग मला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा.

माझा जन्म घायपाताचा. बांधावरचं घायपात कुजवून, झोडपून त्याचा वाख काढला आणि तीन पेड वळून मला केलं. माधवनगरच्या नाथाजी मिस्त्रींनी मला पारखून घेतलं. लोखंडी सांगाडे करायचे आणि ते छपरावर चढवायचे, हा त्यांचा धंदा. पत्र्यावरून पाय सुटला तर त्यांना धरायचं, हा माझा.

घरी आल्या दिवशी त्यांच्या बायकोनं, चंद्राबाईनं, आपल्या लाल लुगड्याची चिंधी माझ्या टोकाला बांधली. नाथाजींनी सगळ्यांना बजावलं, "चिंधीचा दोर माणसाचा. ह्येला दुसरं काम लावायचं न्हाई." घागर नाही, वैरणीचा भारा नाही, काही नाही. मला खुंटीसुद्धा वेगळी होती. काय माझी मिजास म्हणून सांगू! गोठ्यातल्या कासऱ्याशी मी बोलतसुद्धा नव्हतो.

आणि काम मी चोख केलं. एकदा गिरणीच्या छपरावर नाथाजी पार पन्हळीपर्यंत घसरत गेले, तेव्हा मीच त्यांना धरून ठेवलं. त्या संध्याकाळी चंद्राबाईनं मला हळदकुंकू वाहिलं होतं. आज तिला ते आठवत नसेल.

तिचा धाकटा भाऊ गुंडा नाथाजींच्या जोडीला काम करायचा. गडी वाईट नव्हता, पण गावचा विषय निघाला की त्याचं डोकं ठिकाणावर राहायचं नाही. गाव मिरजेच्या पलीकडं. तिथं बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, वेशीत कर बांधतात. गवताच्या दोरात पिंपळाची, आंब्याची पानं ओवायची, तो आडवा ताणायचा आणि सजवलेल्या बैलांनी धावत येऊन तोडायचा. आदल्या वर्षी कर पहिल्याच धडकेला तुटला आणि शेजारच्या गावानं यांना चिडवून चिडवून हैराण केलं. त्या वर्षी कर बांधायचा मान गुंडाच्या घराला होता. नाथाजी तो पावसाळाभर कोयनानगरला खिडक्यांचे गज बसवायला गेले होते. गुंडानं मला खुंटीवरून काढलं, चिंधी सोडून खिशात टाकली आणि गवताच्या आत मला बेमालूम वळून घेतलं.

मला वाटलं, हा घरचा माणूस. बहिणीच्या नवऱ्याचा जीव ज्याच्यावर, त्याला हा बैलापुढं कसा टाकेल? टाकला की! एक बैल थडकला, मग दुसरा, मग जोडीच. मी काही तुटलो नाही. गाव नुसतं नाचत होतं. शेवटी खांबावरची माझी गाठ निसटली आणि कर तुटला म्हणून गुलाल उडाला. पण माझा आतला एक पेड तुटला होता. वरून कुणाला दिसण्यासारखं काही नव्हतं. गुंडानं मला झटकलं, चिंधी होती तशी बांधली आणि खुंटीवर नेऊन टांगलं.

दिवाळीनंतर पाचगणीचं काम आलं. एकोणऐंशी साल होतं. एका शाळेच्या वसतिगृहावर उन्हानं पाणी तापवायच्या काचेच्या पेट्या बसवायच्या होत्या, आणि त्यांचा सांगाडा नाथाजींचा. दव वाळेपर्यंत त्यांनी उतरत्या पत्र्याला पाय लावला नाही. माझं एक टोक धुराड्याला बांधलं, दुसरं कमरेला आणि मांड्यांखालून घेतलं. दोन्ही हातांनी मला ओढून बघितलं. उरलेल्या दोन पेडांवर मी तेवढं सोसलं. तरी ते थांबले, कारण सगळा पावसाळा मी त्यांच्या नजरेआड होतो.

"गुंडा, ह्यो दोर कुठं वापरला न्हाईस न्हवं?"

गुंडानं माझ्याकडं बघितलं. बोल रं बाबा, एवढं एकदा बोल, असं माझ्या नसानसांत होत होतं.

"न्हाई दाजी. खुंटीवरनं काढलाच न्हाई."

नाथाजी चढले. सांगाड्याचा बोल्ट आवळताना पाना सटकला, तोल गेला आणि ते घसरले. मला हिसका बसला. ओढून बघणं निराळं आणि हिसका निराळा. मी तुटलो.

नाथाजी वाचले, पण त्यांचा उजवा पाय साताऱ्याच्या दवाखान्यात गुडघ्यापासून काढावा लागला. तिथल्या व्हरांड्यात गुंडा बहिणीच्या गळ्यात पडून रडला आणि म्हणाला, दोरानं दगा दिला. ऐकलंत? दगा कुणी दिला म्हणे, तर मी!

घरी आल्यावर नाथाजींनी मला मागून घेतलं. मांडीवर घेऊन ते माझा एकेक पेड उलगडत बसले. मला वाटलं, आता माझा न्याय होणार. आत खोल अडकलेलं एक वाळकं पान त्यांच्या हाताला लागलं. पिंपळाचं, देठासकट.

"गुंडा," ते हळू म्हणाले, "ह्ये हितं कसं आलं रं?"

गुंडानं पान ओळखलं. करापासून खुंटीपर्यंत सगळं त्यानं सांगितलं. उरलेला पाय धरून तो ढसाढसा रडला. एवढ्यात चंद्राबाई चहा घेऊन आली आणि तिनं विचारलं, काय घावलं का? नाथाजींनी मूठ मिटली.

"काय न्हाई गं. दोरच कुचका निघाला."

गुंडाचं मला एवढं लागलं नव्हतं. पण नाथाजी, तुम्हीसुद्धा? मेहुणा वाचवायला तुम्ही मला बुडवलंत.

चंद्राबाईनं चिंधी ओरबाडून चुलीत घातली. माझा राहिला तो तुकडा शेळीला बांधला. नव्या दोराला आता नवी चिंधी आहे, आणि छपरावर गुंडा चढतो. रोज शेळी सोडताना चंद्राबाई मला एक शिवी हासडते. मी ऐकून घेतो, करतो काय?

तुमच्याकडं कुणाचा जीव धरणारा दोर असेल, तर त्याला बैलापुढं टाकू नका. टाकलात, तर निदान चढणाऱ्याला सांगा. आम्हाला तोंड नाही, तुम्हाला आहे.

आणि चंद्राबाई, ते पान नाथाजींनी टाकलं नाही. त्यांच्या चंचीत तंबाखूखाली आहे. एकदा उघडून बघ गं, बाई.