पुढच्या सीटवरचा त्याग

ग्रामपंचायतीला उभे राहिल्यापासून तातेराव गावाच्या सुखदुःखात अगदी वेळापत्रक लावून सामील होत. फक्त जनकाबाई हाती लागत नव्हती. तिच्या शब्दावर भावकीची साठ मतं फिरत.

दहावीच्या पहिल्या पेपराला एस.टी. आलीच नाही अन् तातेरावांची सोय झाली. डोंगरकडा गावच्या परीक्षा केंद्राला निघालेल्या जमीलच्या जीपमध्ये लेकरं कोंबलेली. पुढच्या सीटवर तातेरावांचा प्रमोद ऐसपैस. खाली नात राणीला घेऊन जनकाबाई उभी.

तातेराव आधी मेव्हण्याच्या कानाला लागले. "किशनराव, फटफटी घेऊन वळणावर या. प्रमोदला तिथून उचला." मग पारावर माणसं पुरेशी आहेत हे पाहून आवाज चढवला, "प्रमोद, उतर. माझं पोरगं राहिलं तरी चालंल, गावची लेक पेपराला गेली पाहिजे."

अख्खा पार गहिवरला. पढवलेला प्रमोद मुकाट वळणाकडे निघाला. आजी-नात चढल्या. चौघांनी धक्का मारल्यावर जीप सुरू झाली.

थोड्या वेळाने तातेरावांना पारावरच किशनराव दिसले, उपरण्याने डोळे पुसत.

"फटफटी कुठंय?"

"अबूबकरला दिली, त्याच्या पोरीला, कहकशाला, पेपराला न्यायला. दाजी, तुमी पोटच्या पोराला उतरवलं. मी साधी फटफटी देऊ नये?"

"अन् प्रमोद?"

किशनरावांचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले.

पेपर अकराला. गावात दुसरी गाडी नव्हती. तातेराव धोतर सावरत पळत सुटले. पारावरच्यांना वाटलं, आता आणखी कुणाचं तरी भलं होणार.

वळणाच्या अलीकडे समोरून जनकाबाई येत होती. पायी, काखेत पिशवी.

"माय, तुमी?"

"तुमचं पोरगं येकलंच उभं व्हतं, रडकुंडीला आलेलं. मला कोणता पेपर द्यायचाय? उतरले. बसला तो माझ्या जाग्यावर."

तातेरावांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कोणी पाह्यलं?"

"इथं कोण पाहातंय? बाभळीच हायत्या."

तातेरावांनी तिच्या काखेतली पिशवी घेतली अन् चालू लागले.

गाव आलं. सरळ वाट पारावरून जात होती. तातेराव मागच्या, विहिरीकडच्या वाटेला वळले.

"लांबून काहून नेता, तातेराव? पाय दुखून राहिले."

"तिकडं माणसं बसलीत, माय," तातेराव हळूच म्हणाले.