खाली सगळं ठीक आहे

“ही वायर इकडे कुठे चाललीय?” कानसेनबाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर कळलं. तराफ्यावरच्या लाऊडस्पीकरची वायर त्यांच्या यंत्राकडे येतच नव्हती. ती संचालकांच्या लॅपटॉपला जोडलेली होती.

संचालकांनी अत्तर लावलेल्या रुमालानं नाक झाकलं होतं. गोदीतल्या पाण्यावर तेलाची जाड साय धरली होती आणि मेलेले मासे पोट वर करून तिच्यात अडकले होते.

“बाई, आज पाहुणे येताहेत. आज प्रयोग नको, प्रात्यक्षिक हवं.”

“आणि आवाज?”

“आपल्या पाणबुड्याचाच आहे की! लॅबमध्ये तुम्हीच नाही का रेकॉर्ड करून घेतला?”



बाईंचं उभं आयुष्य पाण्यातला आवाज ऐकण्यात गेलं, म्हणून लॅबमध्ये त्यांना ‘कानसेन’ हे टोपणनाव पडलं होतं. माणूस पाण्याखाली एकदाच बोलतो, पण वर ते अनेकदा येऊन पोचतं: एकदा सरळ, एकदा तळावर आपटून, एकदा एखाद्या जहाजाच्या पोटावरून. सगळे प्रतिध्वनी एकमेकांच्या अंगावर पडतात आणि वाक्याचा लगदा होतो. बाईंचं यंत्र हा लगदा सोडवायचं. पाणबुड्यानं आधी काही ठरलेली वाक्यं म्हणायची. ती यंत्राला पाठ असत. मूळ वाक्य आणि वर आलेलं वाक्य ताडून पाहिलं की पाणी आवाज कसा बिघडवतंय ते यंत्राला समजे, आणि पुढचं बोलणं ते त्या हिशेबानं सरळ करी. शांत तलावात ते झकास चाले. गोदीत मात्र एक बोट गेली की पाण्याचा रंगढंग बदले आणि शिकलेलं सगळं पाण्यात जाई. अजून वेळ द्या, असं बाई घसा कोरडा होईपर्यंत सांगत आल्या होत्या.

त्याच ठरलेल्या वाक्यांचं रेकॉर्डिंग आता लॅपटॉपमध्ये बसलं होतं.

पाणबुड्या माइक बसवलेला मुखवटा चढवत होता. पन्नाशीचा, दांडगा, तोंडाळ माणूस. “काय हो बाई, खाली मी तुम्हाला शिव्या दिल्या तरी वर गुळण्याच ऐकू येतात ना?”

“शिव्या बरोब्बर कळतात मला,” बाई म्हणाल्या. आज स्पीकरवर रेकॉर्डिंग वाजणार, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या. संचालक हात चोळत धावले. पाणबुड्यानं उडी मारली आणि ती तेलकट साय त्याच्या डोक्यावर पुन्हा मिटली. बाई हेडफोन लावून मुकाट्यानं बसल्या. स्वतःचीही शिसारी येऊ शकते, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

सुरुवातीला हेडफोनमध्ये आवाज बरा येत होता. मग पलीकडून एक टगबोट धडधडत गेली आणि सगळं विस्कटलं. बाईंनी बटणं फिरवली. उपयोग नव्हता. यंत्राला नव्यानं शिकवायला ती ठरलेली वाक्यं हवी होती, आणि पाणबुड्या ती म्हणत नव्हता. तो भलतंच काहीतरी म्हणत होता. तेच तेच, धापा टाकत.

“खाली सगळं ठीक आहे,” लाऊडस्पीकर खणखणीत बोलला. “काम सुरू आहे.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी यंत्राची सगळी दुरुस्ती बंद केली आणि कच्चा आवाज कानावर घेतला. शब्द कळेना. पण तो श्वास पाठ वाक्यं म्हणणाऱ्या माणसाचा नव्हता.

“ओढा त्याला!” त्या ओरडल्या. “वर घ्या!”

दोर धरून उभा असलेला पाणबुड्याचा जोडीदार गोंधळला. “दोराला हिसके तर बसतायत. पण तो तर म्हणतोय ठीक आहे.”

“तो नाही म्हणत!”

“चाचणीचाच भाग आहे हा,” संचालक पाहुण्यांकडे पाहून हसले.

बाईंनी उठून स्पीकरची वायर उपटली. ‘काम सु—’ एवढ्यावर आवाज तुटला. जोडीदारानं एकवार बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, दोर दुसऱ्याच्या हातात दिला, मुखवटा ओढला आणि सुरी घेऊन पाण्यात गेला.

पाणबुड्याला वर काढलं तेव्हा कुजलेलं मासेमारीचं जाळं त्याच्या पायांना घट्ट आवळलेलं होतं. मुखवटा निखळून तोंडात गोदीचं पाणी गेलं होतं. तो तराफ्यावर पालथा पडून ओकला. पाहुणे बूट सांभाळत मागे सरले. “इकडे चहाची सोय केलीय,” संचालक म्हणाले.

बाई थेट मुख्य पाहुण्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “साहेब, तो आवाज रेकॉर्ड केलेला होता. आमचं यंत्र अजून इथे चालत नाही.”

साहेबांनी सँडविच चावत त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. “अहो, प्रात्यक्षिकात तेवढं चालतंच. पण आवाज काय स्वच्छ होता!” त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात लोणी लागलं होतं. 

“तुमचं नाव पहिलं घालतो अहवालात,” संचालक मागून कुजबुजले.

“माझं नाव काढून टाका. आणि माझं यंत्रही मी घेऊन चाललेय.”

“वेड लागलंय का तुम्हाला? ते लॅबचं आहे!”

“मग ठेवा. पाणबुड्या मात्र दुसरा शोधा. हे कळल्यावर तो काही पुन्हा उतरायचा नाही.”

गोदीच्या प्रथमोपचाराच्या खोलीत पाणबुड्या खाटेवर बसला होता. केसांतून काळं तेल ओघळत होतं. बाईंना पाहून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “ऐकू आलं ना, मी काय म्हणत होतो ते?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “एक शब्द कळला नाही.”

तो काही म्हणणार तोच त्याला पुन्हा उमासा आला. बाईंनी खालचं घमेलं उचलून त्याच्या हनुवटीखाली धरलं, दुसऱ्या हातानं कपाळ धरलं. तेवढ्यात त्याची बायको धापा टाकत दारात आली. बाईंची साडी पार बरबटलेली पाहून ती ओशाळली.

“अहो, तुम्ही कशाला? द्या ते इकडे.”

“असू दे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही त्यांना पाठीमागून आधार द्या.”

आणि घमेलं त्यांनी तसंच धरून ठेवलं.