आक्काबाईचा हिसका

पंकजा डोक्यावर आपटली तरी हलगी वाजतच होती. धोबीपछाड मारलेल्या पोरीने हात वर केले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. पंकजा मात्र पडली तशीच राहिली, तोंड आभाळाकडे.

तिची आजी, आक्काबाई, गर्दीला कोपरं मारत आखाड्यात शिरली. सकाळीच तिने मातीत टाच रोवून पाहिली होती, ती रुतेना, आणि हा आखाडा आहे की खळं, म्हणून जत्रेच्या पंचांना चारचौघांत झाडलं होतं. पंच हसले होते. मग कुस्ती सोडू का, असं नातीने विचारलं, तेव्हा मात्र आक्काबाई गप्प बसली. माघार तिच्या घरात कुणी घेत नसे.

गहिनीनाथ वस्ताद पंकजाजवळ गुडघ्यांवर बसला होता. म्हातारीला पाहून त्याच्या जिवात जीव आला.

"सरका रं. आक्का आली. आता एका हिसक्यात मान बसती."

लोक सरकले. त्यांचं तरी काय चुकलं? लचक भरो, उसण भरो, मान अवघडो, पंचक्रोशी आक्काबाईच्याच ओट्यावर यायची. हनुवटीखाली एक हात, डोक्यामागे दुसरा, बोलता बोलता हिसका. कट्ट वाजलं की माणूस मान फिरवत घरी. तालमीतले पैलवान तिच्या हाताखालून गेलेले. डॉक्टरांच्या पट्ट्यांची तर ती नक्कल करून दाखवायची.

सवयीने तिचा हात पंकजाच्या हनुवटीखाली गेलासुद्धा.

"आजी," पंकजा हळू म्हणाली, "माझं पाय कुठं हायेत?"

आक्काबाईने पाहिलं. पाय जागेवर होते, मातीने माखलेले. आजवर जो तो तिच्याकडे बोंबलतच आला होता. ही पोर कण्हतसुद्धा नव्हती.

तिने हात काढून घेतला.

"वढा की, आक्का. येळ जातोय," वस्ताद म्हणाला.

"मला न्हाई येत ह्यातलं," ती म्हणाली, कडेच्या बायकांनाही ऐकू जाईल असं. "आन् दुसऱ्या कुनी मानंला हात लावला तर तंगडं मोडीन. ॲम्ब्युलन्स बोलवा."

म्हातारीचा हात गळाला वाटतं, असं मागून कुणीतरी म्हणालं. एरवी तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आज तिने वळूनही पाहिलं नाही. डोकं हलू नये म्हणून वस्तादाला ते दोन्हीकडून नुसतं धरून बसायला लावलं. पंकजाच्या डोळ्यांवर पदराची सावली केली. आपलेच हात पुन्हा मानेकडे जातील, या भीतीने तिने नातीचा पंजा दोन्ही हातांत गच्च धरला. कर्जतहून गाडी निघाली होती म्हणे.

"आजी."

"बोल, बाय."

"भ्या वाटतंय. माझा हात धर की."

आक्काबाईने आपल्या मुठीतल्या त्या हाताकडे पाहिलं. क्षणभर तो सोडला आणि पुन्हा धरला.

"धरला बग," ती म्हणाली.