हिरोसेंचं वरण

"मम्मा, हिरोसे अंकल्स नेम इज नॉट देअर," मिहिका म्हणाली, आणि विभावरीचा हात लेकीच्या खांद्यावर तसाच राहिला.

साल नव्याण्णव. शारजाच्या मॉलमधल्या नव्या गेम सेंटरचं उद्घाटन होतं. मशीनच्या पडद्यावर मोत्यांसाठी बुडी मारणारा माणूस उभा होता आणि त्याच्या खाली निर्मात्याचं नाव झळकत होतं: प्रकाश देवस्थळी. प्रकाश म्हणजे विभावरीचा नवरा. गेम मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत हिरोसेंचा होता, हे छोटी मिहिकासुद्धा जाणत होती.

साठीचे हिरोसे करारावर ओसाकाहून प्रकाशच्या कंपनीत आले होते. ऐन उमेदीत त्यांनी केलेल्या गेमवर जगभरच्या पोरांनी नाणी उधळली, पण पडद्यावर त्यांचं नाव कधी आलं नाही. दुसरी कंपनी माणसं पळवील या भीतीने तिकडच्या मालकांनी सगळ्यांचीच नावं झाकून ठेवली होती. मग हिरोसे स्वतःच खेळून पहिला नंबर काढायचे आणि गुणांच्या यादीत आपल्या नावाची तीन अक्षरं घालायचे. प्लग काढला की तीही पुसली जायची.

हे त्यांनी विभावरीच्या घरी जेवताना सांगितलं होतं. दर शुक्रवारी ते यायचे. आमटी सोसायची नाही, म्हणून ती त्यांच्यापुरतं साधं वरण वेगळं करायची आणि ते वाटी तोंडाला लावून आवडीने प्यायचे. त्याच टेबलावर प्रकाशने शब्द दिला होता, "या वेळी तुमचंच नाव येणार, हिरोसेसान. माय रिस्पॉन्सिबिलिटी." तिला तेव्हा नवऱ्याचा केवढा अभिमान वाटला होता.

आता तिने त्याला बाजूला घेतलं. "हे काय आहे, प्रकाश?"

"मॅनेजमेंटचा डिसिजन आहे. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, मी इथे परमनंट आहे."

"आणि तू हो म्हणालास."

"अगं, मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाचं टाकलं असतं. खलास, आता विषय नको."

त्या साध्या माणसाला फसवलं होतं, तेही विभावरीच्या घरी जेवू घालून.

तेवढ्यात हिरोसे आले. पडदा त्यांनी नीट वाचला. मग कमरेत वाकून प्रकाशला म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स." आवाजात राग नव्हता.

हिरोसे खेळायला उभे राहिले. बुडी मारणाऱ्याचा श्वास संपत येईपर्यंत ते खाली थांबत आणि नेमके वर येत. पहिला नंबर आला. मशीनने नाव मागितलं. हिरोसेंनी हात काढून घेतला. वेळ संपली आणि यादीतली वरची जागा कोरीच राहिली.

निघताना ते विभावरीपाशी थांबले. "फ्रायडे, नो वरण. थँक यू," म्हणाले आणि तिच्यापुढेही वाकले.

त्या शुक्रवारी तिने आमटीला फोडणी दिलीच नाही. प्रकाशच्या पानात भात वाढला, त्यावर साधं पिवळं वरण घातलं.

"आमटी नाही केलीस?"

"नाही. हे हिरोसेसानांचं वरण आहे." तिने वर तूप वाढलं आणि समोर बसली. "जेव."

प्रकाश खाली मान घालून भात कालवू लागला.