गाळलेल्या सात पायऱ्या

बारामतीतल्या एका वाचनालयाने जादूच्या प्रयोगांवरच्या पुस्तकांसाठी एक कपाट मोकळं करून दिलं. गेल्या पन्नास वर्षांतली, 'अभिजात' म्हणावीत अशी पाच पुस्तकं त्यात ठेवायची आणि ती जादूगारांच्या मंडळाने निवडायची, असं ठरलं. चार पुस्तकांवर वाद झाला नाही. पाचवं होतं 'दोरी आणि अंगठी'. निमगाव केतकीच्या झुंबरतात्यांनी ते १९९४ साली इंदापुरात छापून घेतलं होतं. त्यात चाळीस प्रयोग होते. तात्यांचं वय आता चौऱ्याहत्तर. जत्रांतले खेळ त्यांनी अकरा वर्षांपूर्वी सोडले. मागे राहील असं त्यांच्याकडे एवढं एकच पुस्तक होतं.

रविवारी दुपारी तीनला मंडळाची बैठक बसली; तात्याही येऊन बसले होते. मतं पाच. दोन बाजूने पडली, दोन विरुद्ध. विरुद्धचं एक मत अध्यक्ष मानसिंग यांचं. ते कन्हेरीचे, तात्यांचेच शिष्य. पाचवं मत सणसरच्या शाळेत जादूचे प्रयोग करणाऱ्या प्रतिक्षा मॅडमचं, ते अजून पडायचं होतं.

"भाषा अभिजात झाली, आता तात्याबी व्हायचं म्हंत्यात," मानसिंग म्हणाले. दोघे हसले.

"तुला हातात पत्ता धरता येत नव्हता, मानसिंगा," तात्या म्हणाले. "ह्या पुस्तकाला नावं ठेवतोस व्हय?"

"ठेवतो. त्यातलं सात खेळ व्हतच न्हाईत. मॅडमना इचारा."

प्रतिक्षा मॅडमनी पिशवीतून पुस्तक काढलं. पानं सुटली होती, पाठीला चिकटपट्टी होती. "पान बेचाळीस," त्या म्हणाल्या. "दोरीची दोन्ही टोकं प्रेक्षकांच्या हातात आणि अंगठी मधे ओवली जाते, तो प्रयोग. मी दोन वर्षं सराव केला. स्नेहसंमेलनात अंगठी खाली पडली. पालक हसले. मला वाटलं, माझा हातच जड आहे."

तात्या शांतपणे म्हणाले, "हात न्हाय जड. त्यात एक पायरी न्हाय. सात खेळांत एकेक पायरी गाळलीय म्या. आमच्यात तशी रीतच हाय. ज्याला शिकायचं त्यानं घरी यावं, समोर बसावं. मग कानात सांगायचं."

"हे पुस्तकात कुठं लिहिलंय?"

"लिहिलं तर रीत कसली?"

मग मॅडम म्हणाल्या, "तात्या, सातही पायऱ्या आत्ता सांगा. मी लिहून घेते. वाचनालयाच्या प्रतीतही लिहीन. मग माझं मत तुम्हाला. नाहीतर नाही."

तात्यांनी मानसिंगकडे पाहिलं, मग कपाटाकडे. कपाटात चार पुस्तकं उभी होती.

"लिवा," ते म्हणाले.

त्यांनी रुमालाच्या दोन प्रयोगांतल्या पायऱ्या सांगितल्या, नाण्यांच्या तीन प्रयोगांतल्या आणि पेल्याच्या एकातली. एकेक वाक्य लागलं. नाणं तळहातात नाही, अंगठ्याच्या मुळाशी धरायचं, एवढंच काही ठिकाणी होतं. मॅडम आपल्या प्रतीत पेन्सिलीने लिहीत गेल्या. सहा झाल्या.

"आता बेचाळीस."

तात्यांनी पिशवीतून दोरी काढली. टोकं दोघांना धरायला दिली, अंगठी मुठीत घेतली, रुमाल टाकला. अंगठी फरशीवर पडली. त्यांनी ती उचलली आणि पुन्हा केलं. पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी त्यांनी रुमाल टाकलाच नाही, नुसते आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"ध्यानात येईना," ते म्हणाले.

"मला ठावं हाय," मानसिंग म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मग सांगा की, मानसिंगराव," मॅडम म्हणाल्या.

"का म्हणून? सात हंगाम जत्रांत ह्यांच्या खेळाच्या पेट्या उचलल्या म्या. एक हंगाम, एक पायरी. ही शेवटची व्हती. तुमाला फुकट देऊ?"

"त्यांना नको, मला सांग," तात्या म्हणाले. "कानात सांग."

"उद्यापासनं पेट्या उचलाय या. कार्तिकात सांगतो."

या वेळी कुणी हसलं नाही. तात्यांनी दोरी गुंडाळली.

मॅडमनी विरुद्ध मत दिलं. "ज्याच्यावरून शिकता येत नाही, ते पुस्तक मुलांच्या हातात मी देणार नाही," असं त्यांनी सांगितलं आणि ते वाक्य इतिवृत्तात तसंच घ्यायला लावलं. पाचवी जागा रिकामी ठेवायची, असा ठराव झाला.

तात्या उठून मॅडमच्या खुर्चीपाशी गेले. "त्या सहा पायऱ्या खोडा."

"का?"

"सौदा मोडला ना? मग माझं मला परत द्या."

"सौदा सातांचा होता, तात्या. तुम्ही सहा दिल्यात." मॅडमनी सुटी पानं नीट केली. "माझी दोन वर्षं मला कोण परत देणार?"

"खोडा म्हणतो ना!"

मॅडमनी पुस्तक पिशवीत टाकलं, चेन ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. तात्यांचा हात पुढेच होता. मानसिंगनी पुढचा विषय वाचायला घेतला.