मावशी, सिस्टर आणि मी

मी घंटा बोलतेय. हसू नका. या मुंबईत माझ्या नावाला काय अर्थ आलाय, ते मलाही ठाऊक आहे. पण मी खरीखुरी, पितळेची, देव्हाऱ्यातली. रखमाने लग्नानंतर मला भुलेश्वरहून वरळीच्या बीडीडी चाळीत आणलं. चाळीस वर्षं मी देवाला हाका मारल्या. तो एकदाही उठून आला नाही, पण माझी तक्रार नाही.

रखमा गेली, चाळही गेली. आम्ही टॉवरमध्ये आलो. चाळीच्या एका खोलीत नुसतं खाकरलं तरी सगळ्यांना ऐकू जायचं. इथे मधे दारं आली. त्यात रखमाच्या नवऱ्याला, रघुला, अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. सून दर्शनाने मला त्याच्या डाव्या हाताशी ठेवलं.

मी वाजले की त्याच्या देखभालीला ठेवलेली ट्रेसी यायची. कोळीवाड्याजवळ राहणारी, वीस वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलेली. आली की आधी हात धुवायची, बीपी बघायची, रघुला कुशीवर वळवून पाठ तपासायची. पडून राहून होते तशी एकही जखम तिने त्याच्या पाठीला होऊ दिली नाही.

दर्शना तिला मावशी म्हणायची. त्यात खोट नव्हती; वयाने मोठ्या बाईला ती दुसरं काय म्हणणार? पण हॉस्पिटलात मावशी म्हणजे लादी पुसणारी, बेडपॅन देणारी बाई. तेही कष्टाचंच काम, पण नर्स ती सिस्टर. दर हाकेला ट्रेसीचा चेहरा उतरायचा आणि दर्शनाला वाटायचं, बाई भलतीच तोऱ्यात आहे. पुढे पुढे तर दर्शनाच येऊन मला हलवू लागली. कपडे वाळत घाला, कुकर बंद करा. मला शरम वाटायची. इतकी कामं मी देवालाही सांगितली नव्हती.

ठिणगी पडली ती पेजेवरून. रघुला पातळ काही द्यायचं नाही, असं ट्रेसीने बजावलं होतं. का, ते मात्र सांगितलं नव्हतं.

"पेज खाऊन कोणाचा वाईट झाला नाय, मावशी," दर्शना म्हणाली.

"मी मावशी नाही, सिस्टर आहे. ऐकायचं नसेल तर दुसरी बघा."

"बघते."

ट्रेसीने पिशवी उचलली. दर्शनाने पेजेची वाटी आणली आणि रघुला आडवाच ठेवून भरवायला घेतलं. दुसऱ्याच चमच्याला ठसका लागला. रघुचा चेहरा काळानिळा पडला, घशातून आवाज फुटेना. त्याने मला पकडलं आणि हलवलं. आयुष्यात मी इतकी जोरात वाजले नव्हते.

ट्रेसी दारात चपला घालत होती. एक पायात, एक बाहेर, अशीच ती धावत आत आली. त्याला बसवलं, पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारल्या. पेज बाहेर आली आणि श्वास परतला. मग तिने डॉक्टरांना फोन लावला.

दर्शना भिंतीला टेकून रडत होती. "सिस्टर, चुकलं माझं."

"पातळ असलं की श्वासनळीत जातं गं. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं," ट्रेसी म्हणाली. "आणि घंटा बाबांची. तू मला हाक मार."

आता पेज घट्ट होते, आणि रघुला बसवूनच भरवतात. हल्ली ट्रेसी आली की तो मला सोडून ओठ हलवतो. "सि... सि..." एवढंच निघतं. ती हातातलं काम ठेवून ऐकत उभी राहते.

माझं एवढंच मागणं आहे. माणसांना हाकेनेच बोलवा. रघुच्या तोंडून तो शब्द पुरा निघाला, की मला परत देव्हाऱ्यात ठेवा. तिथे माझ्या हाकेला कोणी आलं नाही तरी चालेल. एकदा कोणीतरी आलं होतं.